रविवारची पेटी



लोणच्याला बुरशी का येते आणि सासूबाईंशी कसं जमवून घ्यावं, ही दोन पत्रं दर आठवड्याच्या टपालात ठरलेली. या वेळी मात्र गठ्ठ्यातून एक चार पानी पत्र निघालं आणि बाकीची सगळी बाजूला ठेवावी लागली.

पत्र पुण्यातल्याच एका भगिनीचं आहे. नावगाव अर्थातच छापत नाही. त्यांची मुलगी एकोणीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. लहानपणापासून ती चर्चमध्ये म्हाताऱ्या ऑर्गनवादक सरांच्या शेजारी बसायची, त्यांची पानं उलटायची, आणि उलटता उलटता वाजवायला शिकली. आता सरांच्या बोटांना संधिवातानं धरलंय. पाळकसाहेबांनी मुलीला विचारलंय, ‘‘ऑर्गन आणि गायनमंडळ, दोन्ही तूच सांभाळशील का?’’ मुलीचे पाय जमिनीवर नाहीत. वडील म्हणतात, ‘‘रविवारची पेटी वाजवून पोट भरतं का?’’ आजी म्हणतात, ‘‘बाप्यांना हातवारे करून गायला लावणारी सून कुणाला हवीय?’’ आणि आई मला विचारते, ‘‘ताई, यात काही भवितव्य आहे का? मी हो म्हणू की नको?’’

आधी माझी पात्रता सांगून टाकते. मी गाणारी नाही. शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं आणि हळूच सांगितलं, ‘‘तू नुसतं तोंड हलव हं.’’ बक्षीस समारंभाला मी पूर्ण गाणं नुसतं तोंड हलवून म्हटलं. घरी आई म्हणाली, किती छान गायलात गं सगळ्याजणी! त्या दिवसापासून मी आंघोळ करतानासुद्धा गायले नाही. हे रडगाणं इथं कशाला, ते पुढे येईलच. पण एवढं खरं की हे पत्र वाचल्यावर मला उत्तर द्यायची घाई झाली, आणि घाईत दिलेला सल्ला वाईट असतो. म्हणून चार पुस्तकं चाळली, दोन-तीन जाणत्यांना विचारलं, आणि मग लिहायला बसले.

आधी ती ‘पेटी’ म्हणजे काय ते बघू. ऑर्गन हा शब्द आपल्या मराठी घरांना परका नाही. संगीत नाटकांच्या पडद्यापुढच्या खड्ड्यात जी पायांनी भाता मारायची पायपेटी असायची, तिला आपण ऑर्गनच म्हणत आलो. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे ऑर्गन वाजवत, तबल्यावर थिरकवाँ असत आणि बालगंधर्वांचा सूर त्यावर तरंगत येई. आपल्या आज्या-पणज्यांनी ते डोळे मिटून ऐकलंय. त्या पायपेटीत आपल्या हार्मोनियमसारख्याच पितळी पात्या असतात, हवा लागली की त्या थरथरतात. जुन्या मोठ्या चर्चमधल्या खऱ्या ऑर्गनचं काम वेगळं. त्याच्यात नळ्या असतात, शेकड्यांनी. प्रत्येक नळी म्हणजे एक बासरीच समजा. पट्टी दाबली की तिच्या नळीत वारा शिरतो. वाजवणाऱ्यापुढे पट्ट्यांचे दोन किंवा तीन मजले, आणि खाली पायांसाठी लाकडी पट्ट्यांची वेगळी रांग, कारण खर्जाचे सूर पायांनी वाजवायचे असतात. शेजारी खुंट्या. ही ओढली की बासरीसारखा आवाज, ती ओढली की तुतारीसारखा. नळीची लांबी फुटांत मोजतात. आठ फुटी उघड्या नळीतून जो सूर निघतो, त्याच्या खालच्या सप्तकातला तोच सूर हवा असेल तर नळी सोळा फुटी लागते. म्हणजे आपला दोन मजली वाडाच की! पूर्वी मागच्या बाजूला भाता मारायला एक माणूस ठेवावा लागे, त्याला डुलकी लागली की देवाची स्तुती तिथंच थांबे. आता ते काम विजेवर होतं. आणि पुष्कळ ठिकाणी नळ्यांच्या जागी विजेचा ऑर्गन किंवा साधा कीबोर्ड आलाय, तो भाग निराळा.

वाजवायला हे वाद्य मोठं लबाड आहे. तबल्यावर जोरात थाप मारली की आवाज मोठा निघतो. नळ्यांच्या ऑर्गनवर पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज तेवढाच. आणि बोट उचललं की सूर तिथंच तुटतो. म्हणून एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना पट्टी दाबलेली असतानाच तिच्यावर बोट बदलतात, चोरून. पोळी तव्यावर असतानाच पुढची लाटायची तसं समजा. शिवाय वादकाची पाठ बहुधा लोकांकडे. समोर छोटा आरसा लावलेला असतो, त्यात पाळकसाहेब उठले का, वधू दारात आली का, ते बघायचं. दुचाकीच्या आरशात मागचा ट्रक बघत आपण लक्ष्मी रोडवरून जातो ना, अगदी तसं, फक्त हात आणि पाय दोन्ही गुंतलेले.

पण वाद्य वाजवणं हा यातला लहान भाग आहे, हे मला विचारपूस करताना कळलं. मोठा भाग म्हणजे माणसं.

आपलं संगीत एकट्याचं. एक गवई, एक तंबोरा, बाकीचे साथीला. एकाच्याच गळ्याकडे सगळ्यांचं लक्ष. समूहानं गाणं आपल्याकडे नाही असं मात्र म्हणू नका. वारीतली दिंडी काय, आरती काय, हजारो लोक एका सुरात गातात. वसंत देसाईंनी तर हजारो शाळकरी मुलांना मैदानावर एकत्र बसवून समूहगीतं गाऊन घेतली होती. पण ते सगळे एकच चाल गातात. चर्चच्या गायनवृंदात चार चाली एकाच वेळी चालतात. बायकांचे उंच आवाज एक ओळ, बायकांचे खालचे आवाज दुसरी, पुरुषांचे उंच तिसरी, पुरुषांचे खर्ज चौथी. शब्द तेच, चाली चार, आणि चारी मिळून एक गाणं. घरात चार सुना असून स्वयंपाक एकच होतो, तसं! आणि तो करून घेणारी व्यक्ती म्हणजे वृंदसंचालक. कंडक्टर म्हटलं की आपल्याला आधी बसमधला आठवतो. हाही तेच करतो हो, घंटी मारतो, आणि सगळे एकदम सुटतात.

मग हे करायचं कसं, तर आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी तालीम. येणारे कोण? बँकेतून दमून आलेले, परीक्षा असलेली कॉलेजातली मुलं, नातवंडाला सोबत घेऊन आलेल्या आजी. यांतल्या निम्म्यांना स्वरलिपी वाचता येत नाही. कुणाचा सूर उतरतो, कुणाचा चढतो, एकाला आपला आवाज इतका आवडतो की बाकीचे ऐकूच येत नाहीत. संचालकाची खरी कसोटी सगळ्यांनी श्वास एकत्र घ्यावा ही असते. त्यानं हात उचलला की चाळीस छात्या भरल्या पाहिजेत, आणि खाली आणला की शब्दातला शेवटचा ‘त’ एकाच क्षणी पडला पाहिजे, नाहीतर गारा पडल्यासारखा ‘त-त-त-त’ ऐकू येतो.

इथं एका बाईंचं नाव सांगायलाच हवं. इंग्लंडात नॉर्विच म्हणून गाव आहे. तिथं सेरा ग्लोव्हर नावाच्या बाई मुलांना गाणं शिकवत. स्वरलिपीच्या पाच रेघा आणि काळे ठिपके मुलांना कळेनात, म्हणून त्यांनी सुरांची आद्याक्षरं लिहून गायची सोपी पद्धत काढली आणि १८३५ साली तिचं पुस्तक छापलं. पुढे जॉन कर्वेन नावाच्या पाद्र्यानं तीच पद्धत घेऊन, थोडी बदलून जगभर नेली. नाव गाजलं त्याचं. अर्थात त्यानं बाईंचं ऋण मान्य केलं, एवढं तरी. तर त्या पद्धतीत ‘डो’ हा सूर एका जागी बांधलेला नसतो. गाणारा जिथून सुरू करील तिथं ‘डो’. म्हणजे आपला षड्जच की! पत्र लिहिणाऱ्या बाईंना मी सांगेन, तुमच्या मुलीनं शाळेत सा रे ग म म्हटलं असेल तर तिची निम्मी तयारी झालेली आहे. बँकेतल्या काकांना तिनं ठिपके दाखवू नयेत, सरगम द्यावी.

आता वडिलांचा प्रश्न. पोट भरतं का? खोटं कशाला सांगू, नुसत्या त्यावर नाही भरत. पण हे दुखणं पुण्याचं नाही, आजचंही नाही. या धंद्यातला सगळ्यात थोर माणूस म्हणजे योहान सेबास्टियन बाख. १७२३ पासून १७५० साली मरेपर्यंत तो जर्मनीतल्या लाइपझिग शहरात चर्चच्या संगीताचा प्रमुख होता. मुलांना शिकवायचं, त्यांच्याकडून गाऊन घ्यायचं, दर रविवारी नवं संगीत उभं करायचं. दोन लग्नांची मिळून वीस मुलं, त्यातली निम्मी लहानपणीच गेली. पगार बेताचा, वरची मिळकत लग्नं आणि अंत्यविधी यांतून. १७३० साली एका जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो तक्रार करतो, की गावची हवा चांगली असली की माणसं मरत नाहीत आणि मग आपली मिळकत बुडते! मला वाचून आधी हसू आलं. मग वाटलं, या माणसाच्या बायकोनं, आना माग्डालेना तिचं नाव, महिनाअखेर कशी काढली असेल? ती स्वतः नावाजलेली गायिका होती. लग्नानंतर नवऱ्याच्या रचनांच्या नकला सुवाच्य अक्षरात उतरवून देत राहिली. नवरा गेल्यावर दहा वर्षं हलाखीत काढून गेली. हे मी वडिलांच्या बाजूनं लिहितेय असं वाटेल. वाटू दे. मुलीला हो म्हणायचं तर हिशेब डोळ्यांसमोर ठेवून म्हणावं.

आणि आजींचा प्रश्न. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

याच बाखची विशीतली गोष्ट. आर्नस्टाट गावी तो ऑर्गनवादक होता. १७०५ साली चार आठवड्यांची रजा घेऊन ल्यूबेक शहरी एका थोर वादकाला ऐकायला गेला. चालत. चारशे किलोमीटर. आपली आळंदी ते पंढरपूर वारी अडीचशेच्या आसपास भरते, म्हणजे बघा! आणि चार आठवड्यांऐवजी चार महिन्यांनी परतला. वरिष्ठांनी जाब विचारला. तुम्ही स्तोत्रांच्या साथीत नसते सूर घालता, लोक गोंधळतात, ही पण तक्रार होती. पण पुढची तक्रार ऐका. ऑर्गनच्या माडीवर एका परक्या तरुणीला घेऊन तुम्ही संगीत का केलंत? बाई माडीवर चढली, हा गुन्हा. पुढे त्यानं आपल्या नात्यातल्या मारिया बार्बाराशी लग्न केलं. ती तरुणी तीच असावी असं कित्येकांना वाटतं.

चर्चच्या वृंदात बायकांचे उंच सूर लहान मुलं गात. १९०३ साली पोपसाहेबांनी तसा लेखी दंडकच घातला की बायकांना गायनवृंदात जागा नाही, उंच आवाज हवे असतील तर मुलगे घ्या. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. त्याच सुमाराला आपल्या रंगभूमीवर शकुंतला आणि सुभद्रा कोण होत्या? पुरुषच ना! त्यातून आपल्याला बालगंधर्व मिळाले हे खरं, पण किती बायका मिळायच्या राहिल्या, ते कोण मोजणार? तो दंडक पुढे सैल झाला आणि सुटला. आज कुठल्याही चर्चमध्ये बघा, तालमीला वेळेवर येणाऱ्यांत बायकाच जास्त.

या बंद दारातून ज्या आत गेल्या त्यांतली एक नादिया बुलांजे. जन्म पॅरिसचा, १८८७ सालचा. ऑर्गन शिकली, मादलेन नावाच्या मोठ्या चर्चमध्ये तिनं गाब्रिएल फोरे या नामांकित संगीतकाराची साहाय्यक म्हणून ऑर्गन वाजवला. धाकटी बहीण लिली रचना करण्यात तिच्याहून पुढे होती. १९१३ साली फ्रान्सचं मानाचं ‘रोम पारितोषिक’ संगीतासाठी मिळवणारी ती पहिली बाई, आणि १९१८ साली चोविसाव्या वर्षी गेली. बहीण गेल्यावर नादियानं स्वतःच्या रचना जवळजवळ सोडूनच दिल्या आणि शिकवण्याला वाहून घेतलं. १९३७ साली लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक सोसायटीच्या कार्यक्रमाचं संचालन तिनं केलं, तिथं उभी राहिलेली ती पहिली स्त्री. पुढच्या वर्षी अमेरिकेत बॉस्टनचा मोठा वाद्यवृंद तिच्या हाताखाली वाजला. १९७९ साली, ब्याण्णवाव्या वर्षी ती गेली तोवर जगभरचे विद्यार्थी तिच्या दिवाणखान्यात येऊन गेले होते.

त्यातला एक आपला, मुंबईचा. वनराज भाटिया. १९५० च्या दशकात पॅरिसला तिच्याकडे शिकला. ‘अंकुर’, ‘मंथन’, आणि आपल्या हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरून निघालेला ‘भूमिका’, यांचं संगीत त्याचं. आणि १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेली ‘भारत एक खोज’ आठवते? सुरुवातीला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, कितीतरी गळे एकत्र, अंगावर काटा यायचा. आमच्या घरी तर तेवढ्यासाठी कुकर बंद करत. वेदातलं सूक्त, आणि त्याची बांधणी शिकलेली कुणाकडून, तर पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेल्या एका बाईकडून. आजींना हे अवश्य सांगा.

पण पॅरिस राहू द्या, मुंबईलाच या. व्हिक्टर परंज्योती हे आकाशवाणीवर अधिकारी होते. त्यांनी मुंबईत एक गायनवृंद काढला, तोच परंज्योती अकादमी कोरस. गाणारे सगळे हौशी, दिवसा आपापली नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणारे. परंज्योतींची एक रचना आहे, ‘द्रविडियन डिथिरँब’. त्यात अर्थाचे शब्द नाहीत, आपल्या तराण्यासारखी अक्षरं, आणि तीच एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात फिरत जातात. परदेशांतले वृंदसुद्धा ती गातात. १९६७ साली परंज्योती गेले. अशा वेळी बहुतेक मंडळं बंद पडतात, आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांचं काय झालं ते माहीतच आहे. इथं मात्र त्याच वृंदातल्या कूमी वाडिया या पारशी बाई पुढे झाल्या आणि त्यांनी वृंद हातात घेतला. त्या काळी आपल्या देशात पुरुषांच्या खर्जाला हातानं थांबवणारी बाई कुणी पाहिलेली नव्हती. त्यांनी तो वृंद एक-दोन वर्षं नव्हे, कित्येक दशकं चालवला, परदेश दौऱ्यांवर नेला, आणि वनराज भाटियांच्या रचनाही गाऊन घेतल्या. यातला मोठेपणा मला दौऱ्यांत वाटत नाही. इतकी वर्षं दमलेल्या माणसांना दर आठवड्याला परत यावंसं वाटलं, त्यात वाटतो.

गोव्याचीही एक गोष्ट सांगते, मग वळते पुण्याकडे. गोव्यात गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत. तिथला ‘मेस्त’ मुलांना स्वर वाचायला, व्हायोलिन धरायला आणि वृंदात गायला शिकवी. पगार नाममात्र, नाव गावाबाहेर नाही. माजोर्डा गावच्या अशाच एका मेस्तचा मुलगा अँथनी गोन्साल्विस मुंबईला आला, चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला, आणि प्यारेलाल त्याच्याकडे शिकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो, ते लक्ष्मीकांत-प्यारेलालनी गुरूची आठवण म्हणून घातलेलं. आपण सगळे ते गाणं गणपतीत ऐकतो. पण त्या गुरूला पहिला सूर ज्यानं दिला, त्या चर्चमधल्या बापाचं नाव कुणाला ठाऊक? जुझे आंतोनियो गोन्साल्विस. मुद्दाम लिहून ठेवते.

पुण्यातही हे सूर आजचे नाहीत. नाना पेठेतल्या सिटी चर्चला जागा मिळाली ती १७९२ साली, पेशव्यांकडून, त्यांच्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती शिपायांसाठी. आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला तर आपलं स्वतःचं गाणं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या, ओवीच्या वळणाची भक्तिगीतं लिहिली, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंनी पतीमागे त्यांचं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं. म्हणून पुण्यातल्या मराठी चर्चमध्ये एकाच सकाळी इंग्रजी चालीचं स्तोत्र ऑर्गनवर आणि टिळकांचं गीत तबला-पेटी-झांजांवर, असं दोन्ही होतं. दोन्हींची साथ करता येणारा वादक फार थोड्या ठिकाणी मिळतो. तुमच्या मुलीला ते येतंय, असं तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर, अगदी सहज, ‘कधीकधी तबल्याबरोबर पेटीपण वाजवते’ म्हणून लिहिलंय. अहो, हीच तर तिची ठेव आहे!

तर बाई, माझं उत्तर हो आहे. पण अटींसकट.

बी.कॉम. सोडायचं नाही. त्याचा आणि याचा काही वैरभाव नाही. मानधन किती, कधी, लग्नकार्याच्या वादनाचे वेगळे की त्यातच, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावं. ‘देवाचं काम आहे’ म्हणून गप्प बसू नये. देवाच्या कामाला छप्पर घालणारा सुतारही मजुरी घेतो. सरावासाठी चर्चची किल्ली कुणाकडे मिळणार ते ठरवावं, कारण नळ्यांचा ऑर्गन घरी नेता येत नाही. तालीम रात्री उशिरा संपत असेल तर सोडायला कोण येणार, तेही ठरवावं. हे वडिलांनी पत्करलं तर त्यांचा विरोध आपोआप अर्धा होईल, माझा अनुभव आहे. ट्रिनिटी किंवा रॉयल स्कूल्स यांच्या लंडनच्या परीक्षा आपल्याकडे होतात, त्यांच्या आठ पायऱ्या असतात. पियानोच्या वरच्या पायऱ्या दिल्या की घरी शिकवण्या घेता येतात, आणि या धंद्यातल्या बहुतेकांचं घर रविवारवर नाही, शिकवण्यांवर चालतं. एक वर्ष करून बघू द्यावं, वर्षानं परत विचार करावा. आणि आजींना नाताळच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसवावं. माझी खात्री आहे, त्याच शेजारणीला सांगतील, ‘‘ती हात हलवतेय ना, ती माझी नात.’’

मुलीसाठी दोनच गोष्टी. लोकांना गाता येईल अशा उंचीवर स्तोत्र धरायचं, आपल्याला वाजवायला सोयीच्या नाही. भल्याभल्या बाखलाही लोक गोंधळतात म्हणून बोलणी बसली. आणि गायनमंडळात एखादी बेसूर मुलगी आली, तर तिला ‘नुसतं तोंड हलव’ म्हणू नकोस गं. तिला पक्क्या सुराच्या बाईच्या शेजारी, अगदी कानाला लावून उभं कर, आणि सहा महिने वाट बघ. जाणत्यांना विचारलं तेव्हा त्यांनी मला हे सांगितलं, की बहुतेक बेसूर माणसांना गळा असतो, फक्त कुणी ऐकायला शिकवलेलं नसतं. पन्नास वर्षांपूर्वी कळलं असतं तर!

एक राहिलंच. सरांकडे त्यांच्या हातच्या वह्या असतील. कुठलं स्तोत्र कुठल्या पट्टीत आपली मंडळी उचलतात, कुठल्या ओळीला थांबतात, म्हाताऱ्यांचा श्वास कुठं पुरत नाही, असं सगळं पेन्सिलनं लिहिलेलं. अशा वह्या छापील मिळत नाहीत, आणि माणूस गेलं की घरचे रद्दीत घालतात. या रविवारी मुलीला सरांच्या घरी पाठवा, सोबत काहीतरी गोडाचं द्या, आणि त्या वह्या मागून आणून त्यांच्या प्रती काढून घ्या.